बुडबुड्यातला डेव्हिड आणि मज्जेतून आलेला विषाणू

#थ्रेड

२१ ऑक्टोबर १९८३. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात डेव्हिड व्हेटर या बारा वर्षांच्या मुलाच्या शिरेत त्याच्या थोरल्या बहिणीची, कॅथरीनची, अस्थिमज्जा सोडण्यात आली. त्यानंतर १२४ दिवसांनी तो मरण पावला.

डेव्हिडचा जन्म १९७१ चा. जन्मजात रोगप्रतिकारशक्तीच नसलेल्या या बालकाला जन्मानंतर काही सेकंदांतच निर्जंतुक प्लास्टिकच्या कक्षात ठेवले गेले. त्याच्या थोरल्या भावाचा याच विकाराने सातव्या महिन्यात अंत झाला होता. कक्षात जाणारे प्रत्येक खेळणे, प्रत्येक कपडा आधी इथिलीन ऑक्साइड वायूत तासन्‌तास ठेवला जाई. बाप्तिस्म्याचे पाणीसुद्धा निर्जंतुक केलेले होते. १९७७ मध्ये नासाने त्याला बाहेर फिरता यावे म्हणून खास पोशाख बनवून दिला. तो त्याने जेमतेम सात वेळा वापरला.

वृत्तपत्रांना या बुडबुड्याचे अप्रूप फार. वस्तुतः तो तात्पुरता निवारा होता. १९६८ मध्ये मिनेसोटात रॉबर्ट गुड यांनी अशाच विकाराच्या बालकावर मज्जारोपण यशस्वी केले होते. मात्र त्यासाठी ऊतींचा मेळ बसणारे भावंड लागे, आणि कॅथरीनचा मेळ बसत नव्हता.

मेळ नसलेल्या मज्जेतील टी-पेशी रुग्णाच्या शरीरावरच उलटतात. त्या आधीच वेगळ्या काढण्याचे तंत्र १९८०च्या सुमारास हाती आले आणि बारा वर्षांची प्रतीक्षा संपल्यासारखे वाटले. पण या तंत्राला किंमत होती. टी-पेशी रोपण रुजायला हातभार लावतात आणि विषाणूंनाही आवर घालतात. त्या काढल्या की रोपण न रुजण्याचा व संसर्गाचा, असे दोन्ही धोके वाढतात.

डेव्हिडला या दोन्ही धोक्यांनी गाठले. पहिले काही आठवडे बरे गेले; मग ताप, उलट्या, आतड्यांतून रक्तस्राव सुरू झाला. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्याला कक्षाबाहेर आणावे लागले. आईने पोटच्या मुलाला उघड्या हाताने प्रथमच स्पर्श केला. २२ फेब्रुवारीला सारे संपले. नवी प्रतिकारशक्ती शेवटपर्यंत उभी राहिलीच नव्हती.

शवविच्छेदनात शरीरभर गाठी आढळल्या. कारण एपस्टाईन-बार विषाणू. जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आयुष्यभर निमूट पडून असतो. कॅथरीनच्याही होता. बारा वर्षे हवा, अन्न, पाणी गाळून घेतले. विषाणू आला तो औषधातूनच. डॉक्टरांना निष्काळजी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल: रक्तातील विषाणूचे प्रमाण वेळोवेळी मोजणारी पीसीआर चाचणी तेव्हा रुग्णालयांत नव्हतीच.

हा विषाणू १९६४ मध्ये एका कर्करोगाच्या पेशींतच सापडला होता, तरी तो कर्करोग घडवतो का, हा वाद चालू होता. डेव्हिडच्या गाठींनी त्या वादात ठोस पुरावा पुरवला. पुढे मज्जारोपणानंतर या विषाणूवर रक्ततपासणीने पाळत ठेवणे रूढ झाले.

१९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील डॉक्टरांनी, मज्जारोपणानंतर अशाच गाठी झालेल्या पाच रुग्णांना दात्याच्या पांढऱ्या पेशी दिल्या. पाचही जणांच्या गाठी विरघळल्या, जरी त्यांतील दोघे पुढे फुप्फुसे निकामी होऊन दगावले. गाठी विरघळवणाऱ्या त्या पेशींत टी-पेशीच होत्या. डेव्हिडला दिलेल्या मज्जेतून ज्या कटाक्षाने काढून टाकल्या होत्या, त्याच.