शिळेवरची चूक आणि प्रमाणाचा काळ

अलिबागजवळच्या आक्षी येथील शिलालेख मराठीच्या प्राचीनत्वाच्या चर्चेत हमखास पुढे केला जातो. त्याच्या शकाचे वाचन वादग्रस्त आहे. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, हे त्यांतले सर्वाधिक प्रसिद्ध. या वादात लेखाच्या काळाची चर्चा होते. त्याचे लेखन मात्र ‘अशुद्ध’ असा शेरा मारून बाजूला ठेवले जाते. हा शेरा कोणत्या नियमाच्या आधारे मारला जातो, एवढाच प्रश्न येथे उपस्थित करावयाचा आहे.

लेखारंभीच्या प्रशस्तीत ‘पसीमसमुद्राधीपती’, ‘स्री’, ‘तसीमीनी काले प्रव्रतमने’ अशी रूपे येतात. पश्चिमसमुद्राधिपति, श्री, तस्मिन् काले प्रवर्तमाने ही त्यांमागची संस्कृत रूपे उघड आहेत. संस्कृतला व्याकरणाचा दंडक होता. तेव्हा येथे चूक म्हणणे सयुक्तिकच. परंतु या चुका एका जातीच्या नाहीत. ‘तसीमीनी’त जोडाक्षर फोडून प्रत्येक व्यंजनाला स्वर दिला आहे, हे संस्कृत वाक्य केवळ कानाने ठाऊक असलेल्या माणसाचा उच्चार त्यातून ऐकू येतो. ‘मने’तला गळालेला काना बहुधा छिन्नीचा दोष. ‘स्री’बद्दल निर्णय कठीण आहे. इकारापूर्वीच्या स चा श करण्याकडे मराठीचा कल असल्याने स लिहून श वाचला जाणे अशक्य नव्हते. सर्वांत उद्बोधक आहे तो ‘अधीपती’तला अखेरचा दीर्घ. संस्कृतच्या दृष्टीने तो अशुद्ध. १९६२ च्या नियमांनी तत्सम शब्दांतील अन्त्य इकार दीर्घ ठरविला आणि मराठीत तोच शुद्ध झाला. (त्याच शब्दातला ‘धी’ मात्र तेव्हाही चूक आणि आजही चूक!)

प्रशस्ती संपून लेख मराठीत उतरतो तेव्हा तर ही मोजपट्टीच हातून सुटते. मराठीचे प्रमाणलेखन ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील घडण. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. जो नियम अद्याप जन्मलाच नव्हता तो मोडल्याचा आरोप पाथरवटावर ठेवणे हा कालविपर्यास होय.

त्याचे परिणाम केवळ तात्त्विक नाहीत. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेला ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हा लेख पुस्तकांतून कधी अनुस्वारांसह, कधी त्यांच्याविना छापलेला आढळतो. १९६२ नंतर अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. त्या सवयीने जुना लेखही सोवळा करून घेतला जातो. पण ‘राजें’वरील अनुस्वार तृतीयेची खूण आहे आणि ‘करवियलें’वरील नपुंसकलिंगाची. तो गाळणारा व्याकरण पुसत असतो. उद्या कोणी ‘चावुण्ड’चा ‘चामुण्ड’ केला, तर मकाराचा वकार होण्याचा दगडी पुरावाही जाईल. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ १९६३ चा, म्हणजे नव्या नियमांच्या पाठोपाठचा. शिळेवरचे लेखन जसेच्या तसे वाचण्याची त्याची शिस्त आपल्या पाठ्यपुस्तकांत उतरली नाही. विद्यार्थी कंसातले शुद्ध रूप तेवढे वाचतात.

मग आजच्या पाट्यांचे काय? तेथे प्रमाण अस्तित्वात आहे, शाळेत शिकविलेही जाते. चुकीला चूक म्हणण्यात संकोच नको. तरीही ती वाचावी लागतेच. मंदिरांतील संगमरवरी पाट्यांवर ‘जिर्णोध्दार’ हा शब्द किती ठिकाणी दिसतो! त्यातला ऱ्हस्व ‘जि’ कानाचा आहे, कारण बोलताना हा ऱ्हस्वदीर्घभेद आपण क्वचितच पाळतो. ‘ध्द’ मात्र कोणाच्याही तोंडी नाही. द ला ध जोडलेले जुने अक्षर उलटे उलगडणाऱ्या डोळ्याने तो घडविला आणि पुढे तो पाटीवरून पाटीवर उतरत गेला. एकाच शब्दात बोलणाऱ्याचा कान आणि नकलणाऱ्याचा डोळा असे दोघेही नोंदले गेले आहेत. आणि ज्या जुन्या शिळेच्या जागी ही पाटी बसली, तिच्यावर काय कोरले होते, हे पुष्कळदा कोणी उतरूनही घेतलेले नसते.