'बॉटल मसाला': साष्टीतील एक नाव
अंधेरीच्या आंबोली, मरोळ या गावठाणांत येणाऱ्या प्रवाशास ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांकडे 'बॉटल मसाला' विकत मिळतो. ही विक्री पुष्कळदा घरातूनच होते. दुकानाची पाटी नसते. ही गावठाणे ज्या साष्टी बेटावर आहेत ते १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतले व १७७४ मध्ये इंग्रजांनी. या समाजाने आपले इंग्रजी नाव १८८७ मध्ये स्वीकारले. तेवढ्यावरून त्यास परका मानण्याची घाई अभ्यासकांनीही केलेली दिसते. प्रस्तुत लेखक त्यास अपवाद नव्हता. वस्तुतः या समाजाची बोली मराठीच होय. मसाल्याच्या नावातील 'बॉटल' हा शब्दही केवळ पात्राचा निर्देश करतो. उन्हाळ्यात भाजून कांडलेला मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरीत. पात्राचे नाव आतील वस्तूस लागले, ही लक्षणाच. याउलट त्यातील मिरची मूळची अमेरिका खंडातील, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलेली. तिचे नाव मात्र मिऱ्यावरून पडलेले, अस्सल देशी. परकी वस्तू देशी नावाने आणि घरची वस्तू परक्या नावाने, अशी अदलाबदल एकाच बाटलीत आढळते. हल्ली हा मसाला प्लास्टिकच्या पुड्यांतही विकला जातो. नाव बाटलीचेच राहिले आहे.