अर्ध्या दिवसाची मुंबई आणि दोन गाईड

पीएच.डी.च्या जगात 'गाईड' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच व्यक्ती येते, आणि तिला भेटायला जाताना पोटात गोळा येतो. हा लेख दुसऱ्या गाईडबद्दल आहे. हातात छत्री उंच धरून 'चला चला, माझ्या मागे या' म्हणणाऱ्या. पण त्याच्यापर्यंत मी पोचले ती पहिल्या गाईडमुळेच, म्हणून सुरुवात तिथून करते.

माझ्या संशोधन आराखड्याचं सादरीकरण होतं. विषय एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतल्या सार्वजनिक इमारती. पहिल्याच पानावर मी एक चटकदार वाक्य टाकलं होतं: व्हिक्टोरिया टर्मिनसचा आराखडा मुळात मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसाठी होता, टपालात अदलाबदल झाली आणि तो मुंबईत आला, असं म्हटलं जातं. समितीतल्या एका सरांनी चष्मा कपाळावर चढवून शांतपणे विचारलं, "मेलबर्नचं स्टेशन कधी बांधलं हो?" मला माहीत नव्हतं. "आणि असं कोण म्हणतं?" तेही माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर आमच्या मॅडम एवढंच म्हणाल्या, "हे तू कुठे ऐकलंस ते आठव."

आठवलं. आठवीत असताना शाळेच्या सहलीत, मुंबई दर्शनच्या बसमध्ये ऐकलं होतं. म्हणजे माझ्या आराखड्याच्या पहिल्या पानाचं साधन होतं माईकवर बोलणारा एक माणूस, आणि मी त्याला 'असं म्हटलं जातं' या तीन शब्दांमागे लपवलं होतं. तुमच्यापैकी जे आत्ता आराखडा लिहीत असतील त्यांनी आपापल्या मसुद्यात हे तीन शब्द शोधून बघा. मी नंतर शोधले तर माझ्याकडे सात ठिकाणी निघाले.

मग मी एका रविवारी वही घेऊन तीच सहल पुन्हा केली. सकाळी साडेआठला गेटवेपाशी सुरू, दुपारी एकपर्यंत परत गेटवेला. गाईडकाका साठीच्या घरातले, मराठी-हिंदी-इंग्रजी एकाच वाक्यात बोलणारे. त्यांना मी आधीच सांगितलं की मी विद्यार्थिनी आहे, तुम्ही जे सांगाल ते लिहून घेणार आहे, चालेल ना? ते खूश झाले. (हे सांगणं टाळू नका. गुपचूप टिपलेलं बोलणं प्रबंधात वापरता येत नाही, आणि वापरूही नये.)

पहिला थांबा अर्थातच गेटवे ऑफ इंडिया. काका म्हणाले, "पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथून, या दरवाज्यातून भारतात आले." बसमधले पंचेचाळीस जण वर कमानीकडे बघू लागले. आता तारखा बघा. राजा-राणी या किनाऱ्यावर उतरले २ डिसेंबर १९११ रोजी. दरवाज्याची कोनशिला बसली ३१ मार्च १९१३ला. जॉर्ज विटेटच्या आराखड्याला मंजुरी १९१४मध्ये. मग भराव घालणं, पाया, आणि दरवाज्याचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते. राजा आला तेव्हा इथे समारंभासाठी ठोकलेला तात्पुरता मंडप होता. तेरा वर्षांनी उघडलेल्या दारातून कोणी आत कसं येईल?

गंमत म्हणजे कमानीवरचा लेख खोटं बोलत नाही. राजा-राणी उतरले त्या घटनेचं स्मारक म्हणून हे उभारलं, इतकंच तो म्हणतो. 'स्मारक' आणि 'दरवाजा' यांतला फरक ऐकणाऱ्यांनी पुसून टाकला, कारण दरवाजा दिसला की त्यातून कोणीतरी यायलाच हवं असं आपल्याला वाटतं. या कमानीतून कोण नक्की गेलं हे मात्र पक्कं माहीत आहे. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनने, म्हणजे भारत सोडणाऱ्या शेवटच्या ब्रिटिश पलटणीने, इथून समुद्राकडे कूच केलं. काकांनी हेही सांगितलं, आणि अगदी बरोबर सांगितलं. माईकवरचं सगळंच चूक असतं असं समजू नका. एकाच मिनिटात चूक आणि अचूक शेजारी शेजारी उभे असतात, हीच तर अडचण आहे.

काकांनी न सांगितलेलं एक सांगते. अपोलो बंदर हे नाव ऐकून ग्रीक देवाची आठवण होते, पण जुन्या मराठी बोलण्यात ही जागा 'पालवा बंदर'. अपोलो हे पालव्याचं इंग्रजांच्या तोंडी झालेलं रूप असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. खुद्द पालवा कुठून आलं यावर मात्र एकमत नाही.

आता वळा, समोर ताज. आणि इथे काकांचा आवाज खाली आला. "ही बिल्डिंग उलटी बांधली आहे. गोरा आर्किटेक्ट नकाशा देऊन विलायतेला गेला, परत येऊन बघतो तर पुढचं मागे आणि मागचं पुढे! त्याने वरून उडी मारली." बसमधली लहान मुलं एकदम गप्प झाली. मी आठवीत असताना मीही अशीच झाले होते.

ताज सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ रोजी. म्हणजे गेटवेच्या एकवीस वर्षं आधी. आज आपण गेटवेच्या चौकात उभं राहून 'हॉटेलची समोरची बाजू' ठरवतो, तो चौकच तेव्हा नव्हता. घोडागाड्या शहराच्या बाजूने यायच्या, म्हणून मूळ प्रवेशद्वार त्या बाजूला होतं, आज जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथे. इमारत उलटी नाही. आपण उलट्या बाजूने बघतोय.

पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. ज्या 'गोऱ्या आर्किटेक्ट'ने उडी मारली, तो कोण? ताजचे मूळ वास्तुरचनाकार होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. काम पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने पूर्ण केलं. म्हणजे आख्यायिकेने नुसती एक खोटी आत्महत्या रचली नाही. तिने एका मराठी आणि एका पारशी माणसाच्या जागी एक बिननावाचा साहेब आणून बसवला. आणि ते इतकं सहज झालं की ऐकणाऱ्या कुणालाही प्रश्न पडत नाही, कारण एवढी मोठी इमारत म्हणजे नकाशा साहेबाचाच असणार, हे आपण आधीच धरून चाललेलो असतो.

मधल्या थांब्यांबद्दल फार लिहीत नाही. मरीन ड्राइव्ह खिडकीतून, हँगिंग गार्डनला वीस मिनिटं आणि भेळ, मणिभवनात घाईघाईत वर-खाली, महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाटाचे फोटो. पण हा रस्ता असाच का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. १८६९मध्ये सुएझ कालवा उघडला आणि विलायतेहून येणाऱ्यांचं पहिलं बंदर मुंबई झालं. बोटीतून उतरायचं आणि पुढे आग्रा-दिल्लीकडे जाणारी गाडी धरायची. मधल्या वेळात काय बघावं हे सांगणारी इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकं निघाली. मरेचं हँडबुक १८५९पासूनच होतं, मॅक्लीनचं 'गाइड टू बॉम्बे' १८७०च्या दशकात आलं. किल्ला, मार्केट, मलबार हिल. १८९६च्या जानेवारीत मार्क ट्वेन आला, वॉटसन्स हॉटेलात उतरला आणि मलबार हिलवर जाऊन आला. आपली रविवारची बस बऱ्याच अंशी त्या बोटीवरच्या प्रवाशाच्या घड्याळावर चालते, असं माझं मत आहे. मत आहे, सिद्ध केलेलं नाही. कुणाला यावर काम करायचं असेल तर विषय मोकळा आहे.

तुलनेसाठी गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचें वर्णन' काढून बघा, १८६३चं. ते या शहरात राहणाऱ्या माणसाने मराठी वाचकासाठी लिहिलंय, त्यामुळे त्यात देवळं आहेत, बाजार आहेत, जातीजमाती आहेत, शाळा आहेत. ते शहर अर्ध्या दिवसात उरकत नाही. आमची बस लालबाग-परळकडे वळली नाही, गोदीकडे वळली नाही. १९४६च्या फेब्रुवारीत नौसैनिकांचा उठाव झाला, गेटवेपासून चालत जाता येईल अशा कॅसल बॅरॅक्समध्ये गोळीबार झाला, त्याचाही उल्लेख नाही. ट्वेनच्या नंतर घडलेल्या बऱ्याच गोष्टी या रस्त्याला अजून माहीतच नाहीत.

शेवटी आलो छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, आणि माझं काळीज धडधडायला लागलं. काकांनी माईक हातात घेतला, आणि तेच वाक्य, जवळजवळ शब्दशः: "ही खरं तर मेलबर्नची बिल्डिंग. नकाशे पोस्टात बदलले."

सादरीकरणात जे उत्तर मला देता आलं नाही ते आता देते. व्हीटीचं काम सुरू झालं १८७८मध्ये, पूर्ण झालं १८८८मध्ये, आणि १८८७च्या ज्युबिलीला तिला राणीचं नाव मिळालं. रचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली १८९९मध्ये. जिंकले फॉसेट आणि ॲशवर्थ, दोघंही तिथल्या रेल्वेतले नोकर. इमारत पुरी झाली १९१०मध्ये. अदलाबदल व्हायला दोन्ही नकाशे एकाच वेळी टपालात असावे लागतात. इथे एक स्टेशन बांधून, गाड्या सुटून, अकरा वर्षं झाल्यावर दुसऱ्याची स्पर्धा जाहीर होते. शिवाय स्टेशनसमोर महानगरपालिकेची इमारत उभी आहे, १८९३ची, तीही स्टीव्हन्सचीच. रस्त्याच्या मधोमध उभं राहून (सिग्नल बघून!) दोन्हीकडे नजर टाका. हात एकच आहे हे कळायला पदवी लागत नाही.

हीच कथा मेलबर्नमध्येही सांगतात, फक्त उलट्या टोकाने: आमच्याकडे आलेलं स्टेशन मुंबईचं होतं म्हणून. दोन वसाहतींत, दोन समुद्रांपलीकडे, एकच समजूत: आपल्याकडे जे उभं आहे ते आपल्यासाठी योजलेलं नसणार, चुकून आलं असणार. ताजची कथाही तीच. नकाशा बरोबर होता, इथल्या माणसांनी उलटा धरला. एकदा हे दिसलं की 'खरं की खोटं' एवढ्यावर थांबवत नाही. व्हीटीच्या कामावर स्टीव्हन्सच्या हाताखाली देखरेख करणाऱ्यांत एक नाव सापडतं, सीताराम खंडेराव. ताजवाले वैद्य ते हेच. दगडांवरची पानं-फुलं, मोर, माकडं कोरली सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी, जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली. म्हणजे सहल जिथे सुरू झाली आणि जिथे संपत आली त्या दोन्ही ठिकाणी एकच मराठी माणूस उभा आहे, आणि साडेचार तासांत त्याचं नाव एकदाही आलं नाही. माझ्या आराखड्यातही नव्हतं. ते मेलबर्नचं वाक्य खोडलं आणि त्या जागी वैद्यांचं नाव लिहिलं. आता माझं तिसरं प्रकरण त्यांच्यासारख्या हाताखालच्या अभियंत्यांवर आहे: पगारपत्रकं, सार्वजनिक बांधकाम खात्याचे अहवाल, आणि सहीऐवजी नुसती आद्याक्षरं असलेले कागद.

परत गेटवेला उतरल्यावर मी काकांना चहा पाजला आणि भीत भीतच विचारलं, "काका, ती नकाशांची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?"

"ज्याच्या हाताखाली शिकलो त्याने. का?"

मी वही उघडून तारखा दाखवल्या. त्यांनी बोट ठेवून ठेवून वाचल्या. रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, मला दहा मिनिटांत पंचेचाळीस माणसं जागी ठेवायची असतात. तारखांनी झोपतात ती." हे खरं आहे, आणि आपल्या चर्चासत्रांनाही लागू आहे.

मग मी वैद्यांबद्दल सांगितलं. ते जरा थांबले. "मराठी? ताजचा?" खिशातून पेन काढलं, तिकीट उलटं केलं आणि म्हणाले, "पूर्ण नाव सांगा." मी सांगितलं, त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. दुपारच्या बॅचची माणसं जमायला लागली होती. छत्री उचलता उचलता ते वळले.

"हे सांगतो आता. पण तो उडी मारणारा गोराही ठेवणार हं. पोरांना तो फार आवडतो."