पतंगांची अर्धी ओळख

एखाद्या प्राण्याची ओळख पटली असें आपण केव्हां म्हणावें? त्याचें नांव कळलें म्हणजे, कीं त्याचें राहणें, खाणें व रूपांतर समजलें म्हणजे? पतंगांच्या बाबतींत हा प्रश्न केवळ शब्दांचा नाहीं. कवींनीं पतंग पाहिला तो दिव्यावर झेंप घेणारा. पंडितांनीं पाहिला तो टांचणीला लावलेला. आणि शेतकऱ्यानें पाहिली ती त्याची अळी. तिघांचेंहि पाहणें खरें, परंतु प्रत्येकाची ओळख अर्धी. हे तुकडे आपल्या प्रांतांत एकत्र कसे येत गेले, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

कोल्हापुराहून राधानगरी व दाजीपूर ओलांडून कोंकणांत उतरणारा रस्ता घाटाच्या पायथ्याशीं ज्या गांवास पोंचतो, तें कणकवली तालुक्यांतील फोंडाघाट. वर दाजीपूरचें रान १९५८ सालीं गव्यांसाठीं राखण्यांत आलें व १९८५ सालीं त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य झालें. खालीं पावसाळ्यांत भाताच्या खाचरांतून पाणी उभें असतें. इराणांतील रामसर येथें १९७१ सालीं पाणथळ जागांविषयीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यानें नैसर्गिक व मनुष्यनिर्मित अशा दोन्ही पाणथळ जागा आपल्या व्याख्येंत घेतल्या. त्या अर्थानें भाताचें खाचरहि पाणथळच होय. आणि त्यांतील एक चिमुकला पतंग आमच्या विषयाचें उत्तम उदाहरण आहे.

या पतंगाच्या अळीला शेतकरी ‘सुरळींतील अळी’ म्हणतात. भाताच्या पानाचा शेंडा कात्रीनें कापावा तसा ती कापते, त्याची सुरळी करून आंतून रेशमाचें अस्तर लावते, व त्या होडींत बसून एका चुडावरून दुसऱ्यावर तरंगत जाते. पानाचा हिरवा भाग खरवडल्यामुळें पानांवर पांढरे पट्टे दिसूं लागतात. माशाला कल्ले असतात तसे बारीक तंतूंचे कल्ले तिच्या अंगावर असून पाण्यांतील प्राणवायु ती त्यांतूनच घेते. म्हणून पिकावरून दोरी ओढून सुरळ्या पाण्यांत पाडाव्या व मग तें पाणी काढून टाकावें, हा उपाय तिला लागू पडतो. ज्या अळीचें जीवन पाण्यावाचून चालत नाहीं, तिला पाणी तोडणें हाच दंड. मात्र पुढें तिचाच एक नाजूक पांढरा पतंग होतो व तो रात्रीं दिव्यावर येतो, हें खाचरांत उभें राहून दिसण्यासारखें नाहीं.

उलट बाजूनें पंडितांनीं पतंगापासून आरंभ केला. स्वीडनच्या लिनिअसनें १७५८ सालीं नांवें देण्याची पद्धत घालून दिली.  आमच्या सुरळीवाल्या पतंगाला झेलर यानें १८५२ सालीं एक नांव दिलें, व दोनच वर्षांनीं गेने यानें दुसरें. हे दोन पतंग नसून एकच होय, हा निर्णय स्थिर होईपर्यंत शेतकीच्या पुस्तकांतून दुसरेंच नांव चालत राहिलें. खाचरांतील सुरळी तेवढी सर्वत्र सारखीच होती!

मुंबई इलाख्यांत या शास्त्राला घर मिळालें तें १५ सप्टेंबर १८८३ रोजीं. त्या दिवशीं आठ गृहस्थांनीं मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. त्यांत प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. तिसरे एक संस्थापक कर्नल स्विन्हो यांनीं १८८५ सालीं मुंबई व दख्खन येथील पतंग-फुलपांखरांची यादी लंडनांत प्रसिद्ध केली. पुढें हॅम्प्सन यांनीं १८९२ ते १८९६ या काळांत हिंदुस्थानांतील पतंगांवर चार जाड खंड लिहिले. हें काम प्रचंड खरें. पण त्यांतील पुष्कळ पतंगांच्या वर्णनापुढें अळीची जागा रिकामीच राहिली.

ती जागा भरण्याचें काम कारवारच्या जंगलांत झालें. वनाधिकारी बेल यांनीं अळ्या गोळा करून, त्यांना त्यांच्याच झाडाचा पाला घालून, कोशांतून पतंग बाहेर येईपर्यंत त्या वाढविल्या. कोणती अळी कोणत्या पतंगाची, याचा निर्णय करण्यास दुसरा मार्गच नव्हता. त्यांनीं स्कॉट यांच्यासह लिहिलेला ग्रंथ १९३७ सालीं त्याच मालेचा पांचवा खंड म्हणून निघाला. त्यांत मोठ्या, वेगवान पतंगांच्या एका कुलाचें वर्णन आहे. कण्हेरीवर शेपटाशीं शिंग असलेली जी लठ्ठ अळी आपण पाहतों, ती याच कुलांतील. बेल १९४८ सालीं कारवारासच वारले.

परंतु अळीपासून पतंगापर्यंतची पुरी ओळख प्रथम साहेबांनाच झाली, असें मात्र कोणी समजूं नये. भंडारा-गडचिरोलीकडील ढीवर लोक ऐन व अर्जुन या झाडांवर टसराच्या अळ्या पिढ्यान् पिढ्या वाढवीत आले आहेत. कोसा केव्हां होतो, पतंग केव्हां बाहेर पडतो, अंडीं कशीं जपावीं, हें सर्व त्यांना ठाऊक. जेथें पोट त्यावर अवलंबून होतें, तेथें अर्ध्या ओळखीनें भागलें नाहीं.

आज पांढऱ्या पडद्यावर दिवा लावून पतंगांचीं छायाचित्रें घेतां येतात. २००३ पासून शरीराच्या लहानशा तुकड्यांतील आनुवंशिक द्रव्य वाचून जाति ठरविण्याची रीतहि आली आहे. तिनें अळी व पतंग यांची सांगड न वाढवितांहि घालतां येते. तरी ती अळी काय खात होती व कोणत्या पाण्यांत होती, हें पाहणाऱ्यानेंच टिपून ठेवावें लागतें.

याला व्यवहारांतहि महत्त्व आहे. सुरळींतील अळीचीच एक सगोत्र जात भात सोडून तळ्यांतील हायड्रिला नांवाची पाणवनस्पति खाते. दोघींचे पतंग लहान व फिकटच. दिव्यावर आलेला असा प्रत्येक पतंग पिकाचा शत्रु ठरविला, तर विनाकारण औषध फवारलें जाईल व पाण्यांतील निरपराध जीव मरतील. तसेंच तळें बुजलें किंवा खाचर कोरडें पडलें, तर त्या पाण्यावर जगणाऱ्या पतंगाचा निवाराच नाहींसा होतो. मग त्याचें नांव पुस्तकांत असलें काय आणि नसलें काय!

यासाठीं आमची वाचकांस सूचना एवढीच कीं, मुलांना पतंगांचीं चित्रें दाखवून थांबूं नये. बागेंतील एक अळी तिच्या झाडाच्या पाल्यासह जाळीच्या झांकणाच्या बरणींत ठेवावी, रोज ताजा पाला घालावा, आणि झाडाचें नांव व तारीख वहींत लिहावी. कोशांतून पतंग निघाला म्हणजे त्याला त्याच झाडापाशीं सोडून द्यावें. फोंडाघाटच्या पायथ्याशीं शेती करणाऱ्या वडील मंडळींना सुरळीविषयीं जें ठाऊक आहे, तेंहि त्याच वहींत उतरून घ्यावें. कारण तें अजून पुस्तकांत आलेलें नसेल.