उजेडाचा हिशेब

दसरा-दिवाळीच्या सुमारास घरोघर खरेदीच्या याद्या निघतात. कपडे, भांडी, एखादा दागिना, जमलेच तर एखादी चैनीची वस्तू. या शेवटल्या रकान्यात एके काळी कॅमेरा हमखास असे. पुढे तो मोबाईलच्या पोटात गडप झाला. कॅमेरे बनवणाऱ्या जपानी कंपन्यांच्या संघटनेचा हिशेब पाहिला, तर २०१० साली जगभर १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ साली तो आकडा १ कोटीच्याही खाली उतरला. आता वस्तू संपली असे म्हणावे, तोच कॉलेजातली मुले तेच जुने, खिशात मावणारे कॅमेरे शोधीत हिंडू लागली. आमच्या सोलापुरातही हे वारे आले आहे, आणि आमच्या घरातही शिरले आहे.

गिऱ्हाईक दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवते तेव्हा पहिल्यांदा काय पाहते? आकडा. ज्याचा आकडा मोठा तो चांगला, अशी आपली साधी समजूत. धोतरजोडीपासून दुधापर्यंत आपण मापानेच घेत आलो, त्यात नवल नाही. पण कॅमेऱ्याचे माप कशाचे घ्यायचे, हा प्रश्न आपल्या आधी पुष्कळांना पडला होता, आणि त्यांनी दिलेली उत्तरे मोठी शहाणपणाची आहेत.

दादासाहेब फाळक्यांचेच पाहा. १९१२ च्या फेब्रुवारीत हा त्र्यंबकेश्वरचा गृहस्थ विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेला. ‘बायस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत ओळखदेख नसताना शिरला, आणि संपादक कॅबोर्न यांच्या मदतीने सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेपर्यंत पोहोचला. विल्यमसन कॅमेरा, कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र, इतका सरंजाम त्यांनी खरेदी केला. कॅमेऱ्याला पन्नास पौंड पडले. खरी गंमत पुढे आहे. कॅमेरा मुंबईस आल्यावर फाळक्यांनी एकदम राजे-महाराजे उभे केले नाहीत. कुंडीत वाटाणा पेरला, आणि त्याचा अंकूर वर येऊन त्याचा वेल होईपर्यंत त्याची चित्रे थोडी थोडी करून टिपली. ती पडद्यावर सलग दाखविली, तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत वेल सरसर वाढला. पैसे घालणाऱ्यांची खात्री पटली ती या वाटाण्याने. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, त्याच्या मुळाशी ही कुंडी आहे. यंत्राची परीक्षा कागदावर न करता आपल्याला जे काम करायचे त्याच कामावर करावी, हा फाळक्यांचा पहिला धडा.

दुसरा धडा कोल्हापूरचा. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले दोघे कलावंत. पेंटर या नावानेच ते ओळखले गेले. परदेशी कॅमेरा मिळणे दुरापास्त, तेव्हा आपणच तो घडवू, अशी ईर्षा त्यांनी धरली. १९१६ साली आनंदराव वारले. पण बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून काम तडीस नेले, आणि त्याच घरच्या कॅमेऱ्यावर घेतलेला ‘सैरंध्री’ १९२० साली लोकांसमोर आला. बाजारातल्या दोहोंपैकी कोणता, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. आपल्याला काय दिसायला हवे, हे त्यांना आधी ठाऊक होते.

ही झाली तपस्व्यांची गोष्ट. संसारी माणसाच्या हाती कॅमेरा दिला तो अमेरिकेतल्या जॉर्ज ईस्टमनने. १८८८ साली त्याने काढलेल्या कोडॅक पेटीत शंभर फोटोंचा रोल भरलेला असे. किंमत २५ डॉलर. रोल संपला की सबंध पेटीच कारखान्यात पाठवायची. दहा डॉलरांत फोटो छापून, नवा रोल भरून ती परत येई. १९०० साली त्याच कंपनीने ब्राउनी नावाची पेटी अवघ्या एका डॉलरला विकली. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या घरात हे काम केले ते बडोद्यास तयार होणाऱ्या आग्फा क्लिक-थ्रीने. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांपैकी अनेकांचे जावळ, मुंज आणि सहल याच काळ्या पेटीतून उतरलेली असतील. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. वेग एकच, सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास. भिंगही साधेच. आकड्यांची चढाओढच नव्हती, म्हणून पेटीबरोबर एक शिस्त आपोआप शिकायला मिळे: सूर्य पाठीशी घ्या, श्वास रोखा, माणसाजवळ जा.

पण या शिस्तीला एक मर्यादा होती, ती म्हणजे रात्र. अंधार पडला की ती पेटी आंधळी होई. आमच्या घरातले तिचे फोटो म्हणूनच सारे भर उन्हातले आहेत. वडील सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची काठी पेलीत. पांढऱ्या बाराबंदीतला त्यांचा दिवसाउजेडीचा एक फोटो आहे. गर्दीत त्यांचा चेहरा हरभऱ्याएवढा. शोभेच्या दारूकामाच्या रात्री दिव्यांनी उजळलेल्या काठीखाली त्यांचा घामाने निथळलेला चेहरा आम्ही मुलांनी पाहिला आहे. त्याचा फोटो नाही. आता ती काठी थोरल्या भावाच्या खांद्यावर आहे, आणि डॉक्टरांनी त्याला येता जानेवारी शेवटला असे सांगून ठेवले आहे. त्याची मुलगी, माझी पुतणी, कॅमेऱ्याच्या मागे लागली ती यासाठी.

नव्या पेठेतल्या एका दुकानात तिला दोन जुने कॅमेरे परवडण्याजोगे मिळाले, दोन्ही कॅननचे. एक २००८ सालचा जी-टेन, दुसरा २००९ सालचा एस-नाईन्टी. जी-टेन १४.७ मेगापिक्सेलचा, म्हणजे एका चित्रात जवळजवळ दीड कोटी ठिपके. दुसऱ्यात फक्त एक कोटी. पहिल्याचे भिंग दूरचे पाचपट जवळ आणते, दुसऱ्याचे चारपटही नाही. पहिल्याचे वजन बॅटरीशिवाय ३५० ग्रॅम, दुसऱ्याचे बरोबर निम्मे. “काका, पहिलाच घेऊ या ना?” ती म्हणाली. आकडा बोलत होता.

या आकड्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. उजेडाची वीज करणारी सीसीडी नावाची चकती १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी काढली. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने ती वापरून पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोंच्या वर, ठिपके सारे दहा हजार. आणि एक काळे-पांढरे चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. दहा हजारांवरून कोटीपर्यंतची मजल मोठीच होती. पुढे मात्र शर्यत लागली. चकती नखाएवढीच राहिली आणि ठिपके वाढत गेले. एकाच वाफ्यात रोपे दाटीने लावावी तसे झाले. प्रत्येक रोपाच्या वाट्याला ऊन कमी. दोन्ही कॅमेऱ्यांच्या चकत्या एकाच मापाच्या, सुमारे साडेसात मिलिमीटर लांब आणि साडेपाचांहून थोड्या अधिक रुंद. म्हणजे एक कोटीवाल्या चकतीत एकेका ठिपक्याला जवळजवळ दीडपट जागा. ऊन भरपूर असते तेव्हा ही दाटी जाणवत नाही; रात्री जाणवते, चित्रात रवा सांडल्यासारखे होते.

हे खुद्द कारखानदारालाही उमगले. २००९ साली कॅननने जी-टेनची पुढली आवृत्ती जी-इलेव्हन काढली, आणि आकडा वाढवण्याऐवजी १४.७ वरून १० वर आणला. दुकानदाराने स्वतः होऊन मोठा आकडा खाली उतरवावा, असा प्रसंग व्यापारात विरळा. योगायोग असा की बॉइल आणि स्मिथ यांना त्यांच्या चकतीबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले तेही त्याच वर्षी. डिजिटल कॅमेरा प्रथम जोडणाऱ्या कोडॅकने मात्र जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

दुसरी गोष्ट भिंगाच्या तोंडाची. जवळच्या टोकाला एस-नाईन्टीचे तोंड एफ-दोनपर्यंत उघडते, जी-टेनचे एफ-दोन पॉइंट आठपर्यंत. कानाला फरक किरकोळ वाटतो. पण हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, आणि इथे तो दुप्पट आत येतो. म्हणजे अर्ध्या वेळात चित्र होते, आणि चालत्या माणसाचा चेहरा फराटला जात नाही.

एवढे बोलूनही पोरीचे समाधान होईना, तेव्हा मी फाळक्यांच्या कुंडीचा आधार घेतला. दुकानदाराच्या संमतीने दोन्ही कॅमेरे एका रात्रीपुरते घरी आणले. भावाची बाराबंदी गच्चीतल्या दोरीवर टांगली, एक पिवळा दिवा लावला, आणि भावाला तिच्याशेजारून चालायला सांगितले. आधी दुपारी दोन्हींतून तलावाकाठी फोटो काढून झाले होते. दिवसाच्या फोटोंत जी-टेन सरस ठरला. देवळाची कमान, पाण्यातल्या तिच्या सावलीची रेघन् रेघ त्यात मोजून घ्यावी. रात्री पारडे फिरले. एस-नाईन्टीत भावाचा चेहरा आणि कपड्याची चुणी दोन्ही आली. पण त्याच कॅमेऱ्याचे भिंग लांबवून चेहरा ओढायला गेलो, तशी त्याची मिजास उतरली. लांबच्या टोकाला त्याचे तोंड एफ-चार पॉइंट नऊ इतके आकसते, आणि तिथे जी-टेनच किंचित वरचढ.

तेव्हा चांगला कॅमेरा कोणता, या प्रश्नाला उत्तर नाही. कशासाठी, कोणत्या वेळी आणि किती अंतरावरून, एवढे सांगितले की उत्तर आपोआप पुढे येते. देवळाचे शिल्प टिपणाऱ्याने पहिला घ्यावा. रात्री आपल्या माणसाचा चेहरा हवा असलेल्याने दुसरा घ्यावा. मात्र एका अटीवर, की तो गर्दीत शिरून माणसाच्या चार हातांवर जाऊन उभा राहील. ही अट नवी नाही. क्लिक-थ्री आपल्या आईबापांना तीच घालीत असे.

पुतणीने दुसरा घेतला. हल्ली संध्याकाळी ती मिरवणुकीची वाट पायाखाली घालते आहे. कोणत्या वळणावर दिव्याचा खांब आहे, काठी कुठे क्षणभर थांबते, कोणाच्या ओट्यावर उभे राहू देतील, हे तिने वहीत टिपले आहे. कॅमेऱ्याच्या पेटीवर छापलेला एकही आकडा त्या वहीत नाही.