प्रयोग मोजले, माणसं मोजायची राहिली

आमच्या गल्लीत एक आण्णा होते. नाव लिहीत नाही, घरच्यांना ते आवडणार नाही. मुंबईच्या एका व्यावसायिक नाटकात त्यांनी अकरा वर्षं एकच काम केलं. दुसऱ्या अंकात यायचं, चार वाक्यं बोलायची आणि जायचं. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "आण्णा, रोज तेच बोलून कटाळा येत न्हाई?" ते म्हणाले, "आरं, रोज भाकरी खातोस न्हवं? मग कटाळा येतोय व्हय?"

हे आठवायचं कारण पोस्टच्या शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास.

वर्षानुवर्षं एकच नाटक करणारे नट म्हटलं की आपल्या कोल्हापूर-निपाणी पट्ट्यातल्या माणसाला पहिल्यांदा आठवतो तो लखोबा लोखंडे, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. आचार्य अत्र्यांनी माधव काझी नावाच्या खऱ्या भामट्याच्या खटल्यावरून 'तो मी नव्हेच' लिहिलं. ८ ऑक्टोबर १९६२ ला दिल्लीत पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन मो. ग. रांगणेकरांचं आणि लखोबा प्रभाकर पणशीकर. एकच आरोपी, पण पाच वेगवेगळ्या रूपांत दिसणारा. त्यासाठी फिरता रंगमंच वापरला. कोर्टाचा देखावा फिरून दुसरा समोर येईपर्यंत पणशीकरांनी कपडे, चाल, आवाज सगळं बदललेलं असायचं.

मी शाळेत असताना वडिलांबरोबर आपल्या केशवराव भोसले नाट्यगृहात ते नाटक पाहिलं. घरी येताना वडील म्हणाले, "मी ह्यांना माझ्या लग्नाआधी बघितलंय, तेव्हापण असंच." तेव्हा मला त्याचं विशेष वाटलं नाही. आज वाटतं. बाप आणि मुलगा दोघांनी एकच नट एकाच भूमिकेत पाहायचा, हे किती जणांच्या नशिबी येतं?

पणशीकर एकटेच नव्हते. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० मध्ये आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी तात्या सरपंचाला घेऊन मालवणी बोली घाटावर आणि थेट लंडनपर्यंत नेली. औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्याने करायचे. अख्खं वऱ्हाड, बावन्न पात्रं आणि रंगमंचावर माणूस एकच. विजय चव्हाणांनी लुगडं नेसून 'मोरूची मावशी' कित्येक वर्षं गाजवली. भरत जाधवांचं 'सही रे सही' १५ ऑगस्ट २००२ ला सुरू झालं. प्रशांत दामल्यांनी तर ६ नोव्हेंबर २०२२ ला मुंबईत षण्मुखानंदमध्ये आपला १२,५०० वा प्रयोग केला. तो आकडा एका नाटकाचा नाही, त्यांच्या सगळ्या नाटकांचा मिळून आहे. पण प्रत्येक प्रयोग मोजून ठेवलेला आहे, हे लक्षात ठेवा.

आता जरा लंडनला जाऊ. अगाथा ख्रिस्तीचं 'द माऊसट्रॅप' २५ नोव्हेंबर १९५२ पासून तिथे चालू आहे. कोविडने बंद पाडलं तेवढाच मोठा खंड. एवढ्या वर्षांत थिएटर एकदाच बदललं, तेही शेजारचं. सेट लागलेला असतो, आठवड्याला आठ प्रयोग होतात आणि नटसंच ठरावीक काळाने बदलतो. म्हणजे तिथे नाटक राहतं, नट बदलतो.

आपल्याकडे उलटं आहे. आपल्या नाटकाला स्वतःचं घर नाही. निर्मात्याला नाट्यगृहाच्या तारखा मिळतात, त्याही विखुरलेल्या. सकाळी एक नाटक, दुपारी दुसरं, रात्री तिसरं. प्रत्येक वेळी सेट लावायचा, उतरवायचा, टेम्पोत भरायचा आणि बसने पुढच्या गावाला जायचं. आज पुणे, उद्या सांगली, परवा कोल्हापूर. अशा धंद्यात नाटक टिकून राहतं ते माणसांच्या अंगात. प्रेक्षकही विचारतो, "कोण आहे त्यात?" त्यामुळे मुख्य नट थांबला की बहुतेक वेळा नाटक थांबतं. 'वऱ्हाड' पुढे संदीप पाठकांनी केलं, लखोबा गिरीश ओकांनी केला, ते चांगलंच झालं. पण असं क्वचित घडतं.

मग मला सांगा, जिथे नाटक माणसांच्या जिवावर उभं आहे, तिथे माणसांची नोंद जास्त काटेकोर हवी की नको?

'माऊसट्रॅप'मध्ये डेव्हिड रेव्हन नावाच्या नटाने मेजर मेटकाफची भूमिका ४,५७५ वेळा केली, हे नोंदलेलं आहे. त्याहून मला हलवून गेली ती नॅन्सी सीब्रूकची गोष्ट. ही बाई पंधरा वर्षं त्या नाटकात बदली नटी होती. म्हणजे मुख्य नटी आजारी पडली तर उभं राहायचं, नाहीतर आत बसून राहायचं. ६,२४० प्रयोगांना ती हजर राहिली आणि प्रत्यक्ष रंगमंचावर गेली फक्त ७२ वेळा. पण तिच्या त्या बसून काढलेल्या संध्याकाळीसुद्धा कुणीतरी मोजल्या.

आपल्याकडे काय मोजतात? नाटकाचे प्रयोग. शंभरावा, पाचशेवा, हजारावा. हार घातलेला फलक, पेढे, पाहुण्यांची भाषणं. स्टारचा आकडा स्टार स्वतः ठेवतो. पण चार वाक्यांचा हवालदार, सेट लावणारे, कपडेपट सांभाळणारे, फिरता रंगमंच फिरवणारे हात यांचे किती प्रयोग झाले? त्याची वही कुणाकडेच नाही.

पूर्वी असं नव्हतं. किर्लोस्कर मंडळी, गंधर्व नाटक मंडळी यांच्या काळात नट कंपनीच्या बिऱ्हाडात राहायचा, पंगतीला जेवायचा, पगारावर असायचा. हाल होते, कर्ज होतं, सगळं खरं. पण माणूस कंपनीचा होता. कंपन्या मोडल्या आणि 'नाइट' आली. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. कारखान्यात पाच वर्षं सलग काढली की कायद्याने ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. नाइटवर काम करणाऱ्याला एका नाटकात अकरा वर्षं काढूनसुद्धा हातात काही उरत नाही. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मधे अर्ध्या क्षमतेने उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झाली. त्या दीड वर्षात नाइट म्हणजे काय, हे सगळ्यांनाच कळलं.

आता आण्णांकडे येतो. म्हातारपणी त्यांनी सरकारच्या वृद्ध कलावंत मानधनासाठी अर्ज केला. योजना चांगली आहे, २०२४ पासून महिन्याला पाच हजार मिळतात. पण कार्यालयात पुरावा मागितला. आण्णांकडे नेमणूकपत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही, करार नाही. होतं ते पेपरातलं एक कात्रण. पाचशेव्या प्रयोगाचा फोटो. त्यात पुढे स्टार, निर्माता, पाहुणे. मागच्या रांगेत आण्णांचा अर्धा चेहरा. तिथला माणूस काही वाईट नव्हता. तो म्हणाला, "हे तुम्हीच कशावरून?"

जन्मभर लखोबाच्या 'तो मी नव्हेच'वर टाळ्या वाजवलेल्या गावात एका नटाला 'तो मीच' हे सिद्ध करता आलं नाही.

आण्णा परत गेले नाहीत. गेल्या पावसाळ्यात वारले.

म्हणून एकच मागणी आहे, आणि तिला फार पैसे लागत नाहीत. प्रत्येक निर्मात्याने दर वर्षाच्या शेवटी आपल्या सगळ्या माणसांना, पडद्यामागच्यांना धरून, सही-शिक्क्याचा कागद द्यावा: नाटक कुठलं, काम कुठलं, प्रयोग किती. त्याची एक प्रत नाट्य परिषदेच्या शाखेत राहावी. मानधन समितीने तो कागद पुरावा म्हणून धरावा. महापालिकेच्या नाट्यगृहात प्रत्येक प्रयोगाची तारीख नोंदलेली असतेच, तिथेच नटसंचाची यादी जोडायला एक पान लागेल.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले जळालं तेव्हा अख्खं कोल्हापूर रडलं. शाहू महाराजांनी बांधलेली ती वास्तू, रडणारच. पण वास्तूचे नकाशे असतात, ती परत उभी करता येते. आण्णांसारख्यांचा नकाशा कुठे आहे?

पुढच्या वेळी नाटकाला गेलात की शेवटी सगळे ओळीने उभे राहतात ना, तेव्हा गाडी काढायची घाई करू नका. शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाचं नाव विचारून घ्या.