आज्ञापत्रांतील ‘जीर्ण’ झाड

वऱ्हाडांत बुलढाणा जिल्ह्याच्या खामगांव तालुक्यांत पिंपळगांव राजा हें गांव आहे. देऊळगांव राजा, सिंदखेड राजा यांच्याप्रमाणें नांवापुढें ‘राजा’ लागलेल्या गांवांपैकीं तें एक. तथापि आज आमचें लक्ष नांवाच्या उत्तरार्धाकडे नसून पूर्वार्धाकडे आहे. वडगांव, आंबेगांव, पिंपळनेर, चिंचवड अशीं नांवें ज्या मुलखांत पदोपदीं भेटतात, तेथें झाड ही नुसती शोभा नव्हे, तें इतिहासाचें साधन आहे. जुन्या दानपत्रांत व हद्दीच्या महजरांत सीमा सांगतांना झाडें येतात. तें झाड गेलें कीं कागदाचा एक साक्षीदार गेला. आणि तें तोडतांना जें कारण बहुधा सांगितलें जातें तें एका शब्दाचें : झाड जीर्ण झालें आहे. या शब्दाचा अर्थ काय, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

त्याचा सर्वांत परिचित प्रयोग रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आहे. इ. स. १७१५-१६ च्या सुमाराच्या या ग्रंथांत आरमाराच्या प्रकरणीं लांकडाचा विचार आला आहे. आंबा, फणस हीं लांकडें आरमाराच्या उपयोगाचीं खरीं, पण त्यांस हात लावूं नये. तीं वर्षां दोन वर्षांत होत नाहींत आणि रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, असा त्याचा आशय. अपवाद एकच. झाड फार जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल, तर धन्यास राजी करून व मोल देऊन तें न्यावें.

हा भाग व्याख्यानांतून इतक्या वेळां सांगितला जातो कीं अपवादापाशीं कोणी थांबत नाहीं. जीर्ण म्हणजे कुजलेलें, असें समजून वाचक पुढें जातो. आमच्या मतें हें चूक आहे. लांकूड न्यावयाचें तें गलबतांसाठीं. कुजकी फळी समुद्रांत कोण घालील? ज्या झाडाला आरमाराचा कारभारी मोल देण्यास तयार आहे, त्याचें खोड आंतून घट्टच असलें पाहिजे. तेव्हां ‘कामांतून गेलें’ याचा अर्थ धन्याच्या कामांतून गेलें, फळ देईनासें झालें, असाच घ्यावा लागतो. येथील जीर्णता वयाची व उत्पन्नाची आहे. शिवाय ती एकटी पुरत नाहीं. तिच्यामागें धन्याची राजी व मोल या अटी आहेतच.

झाडाच्या रोगाचा विचार आपल्याकडे निराळ्या ग्रंथपरंपरेंत आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा अध्याय घातला. थंडी, वारा व ऊन यांनीं रोग होतो. पानें पिवळीं पडतात, पालवी वाढत नाहीं, फांद्या वाळतात, रस गळतो. उपाय असा कीं, विकृत भाग प्रथम शस्त्रानें साफ करावा, वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा आणि दूधपाणी शिंपावें. सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ वात, पित्त व कफ यांवर रोगांची वांटणी करतो. त्याची पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत होती, डॉ. य. ल. नेने यांनीं तिची प्रत मिळविली व नलिनी साधले यांच्या भाषांतरासह ती १९९६ मध्यें सिकंदराबादेस छापली गेली. नेने हे वनस्पतिरोगांचे शास्त्रज्ञ. झाडांचा वैद्य पोथीकडे गेला. पोथ्यांचे संग्राहक झाडाकडे क्वचितच जातात.

मात्र वर दिलेलीं लक्षणें बाहेरचीं आहेत. खोड आंतून कुजत असतां माथ्यावर हिरवी पालवी असूं शकते. बांधणी सुबक असून आंत कसरीनें जाळी केलेली पोथी आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. कूज ओळखण्याची खूण बुंध्याशीं किंवा खोडावर उगवणारें कठीण अळंबें ही होय. जर्मन वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग यानें १८७० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं लांकडांतील बुरशी व बाहेरचें अळंबें हा एकच जीव आहे; कुजण्यांतून अळंबें उपजत नाहीं, तेंच कुजवितें. आमच्या कोंकणांत फणसावरचा फणसांबा उगाळून मुलांच्या मुखरोगावर देतात. घराला तें औषध, पण ज्या फणसावर तें आलें त्याच्या गाभ्यांत कूज शिरली आहे. आज्ञापत्राच्या काळच्या एखाद्या सुताराला हें ठाऊक नसेल असें मानणें कठीण आहे.

तथापि कूज म्हणजे मरण नव्हे. अमेरिकन शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यानें १९७७ मध्यें मांडलें कीं झाड जखम भरून काढीत नाहीं, तिच्याभोंवतीं आंतून भिंती घालून कूज कोंडतें. म्हणून ढोलीचें झाड शतकभर उभें राहातें. त्याचा जीव सालीखालच्या थरांत व बाहेरच्या ओल्या लांकडांत असतो. ढोली निरोगी लांकडापर्यंत खरवडल्यास तीच भिंत फुटते. वराहमिहिराचें ‘शस्त्र’ येथें जपून वापरलें पाहिजे, आणि लेपानें कूज थांबते असा अनुभव नाहीं. कलकत्त्याजवळील शिवपूरच्या प्रसिद्ध वडाचें उदाहरण पाहावें. १८६४ व १८६७ च्या वादळांनंतर त्याच्या मूळ खोडांत बुरशी शिरली; १९२५ त तें खोड काढून टाकावें लागलें. वड पारंब्यांवर आजही जिवंत आहे.

उलट, हिरवें झाडही कोसळतें. सांगली जिल्ह्यांतील भोसे येथील सुमारें चारशें वर्षांचा म्हणून ख्यात असलेला वड २०२० मध्यें लोकांच्या आग्रहामुळें महामार्गापासून वांचला. २०२२ मध्यें तो पडला. रस्ता वळविल्यानें मुळांची परीक्षा होत नसते.

पिंपळाच्या बाबतींत अडचण आणखी आहे. त्याचें लांकूड मऊ व अल्पजीवी; इमारतीला किंवा गलबताला कोणी तें मागत नाहीं, आणि धर्मभावनेनें तोडीतही नाहीं. त्याच्याविषयीं प्रश्न निघतो तो धोक्याचाच. मोगरीनें खोड ठोकून पोकळ नाद कोठें येतो तें पाहावें, पावसाळ्यांत बुंधा न्याहाळावा. पण गांवोगांवीं पाराचा चिरा किंवा सिमेंट नेमकी बुंध्याची ती जागा झांकून टाकतें. पार बांधणाऱ्यानें झाडाचा मान राखला, परीक्षकाची वाट मात्र बंद केली.

ज्यांच्या दप्तरांत झाड तोडण्याच्या परवानगीचे किंवा तंट्याचे कागद असतील, त्यांनीं त्यांत जीर्ण, वठलेलें, पोकळ, कीड लागलेलें यांपैकीं कोणता शब्द कोणत्या झाडास लावला आहे तें नकलेंत जसेंच्या तसें उतरून घ्यावें, आणि हद्दीच्या कागदांतील झाड जागेवर उभें असल्यास त्याचा घेर व बुंध्याची स्थिति नकलेच्या समासांत नोंदवावी.